रंगमंचाच्या पाच पायऱ्या

युवक महोत्सवाचा शेवटचा दिवस. एकांकिका स्पर्धेचा मी एक परीक्षक होतो. लेखनाचं पहिलं बक्षीस जाहीर झालं आणि प्रेक्षागृहात एकच कल्लोळ उठला, कारण तो मुलगा सगळ्यांचा लाडका. पण तो वर येईना. तो व्हीलचेअरवर होता आणि रंगमंचाला पाच पायऱ्या होत्या. शेवटी त्याच्याच टीममधल्या चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं. एकाचा पाय अडखळला, खुर्ची कलली, सावरली, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की निवेदकाला बोलायचं थांबावं लागलं. रात्री टपरीवर चहा घेताना तो मला म्हणाला, "सर, खरं सांगा, टाळ्या लिहिण्याला होत्या की उचलण्याला?"

मला काही उत्तर देता आलं नाही. माझ्या गुणपत्रिकेत ‘रंगमंचाचा वापर’ असा एक रकाना होता आणि त्यात मी दिवसभर इमानेइतबारे गुण मांडले होते. आपण खाली उतरून बक्षीस द्यायला हवं होतं, असं मला दोन दिवसांनी सुचलं. मग लक्षात आलं, तेही चुकलंच असतं. बाकी सगळ्यांची बक्षिसं वर, त्याचं तेवढं खाली!

तेव्हापासून कुठल्याही विद्यापीठाच्या नाट्यगृहाचं नूतनीकरण निघालं की मी आधी रंगमंचाच्या पायऱ्या मोजतो. नूतनीकरणं सध्या निघतातही बरीच. पुणे विद्यापीठ १९४९ चं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्या पिढीच्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या इमारतींची डागडुजी आता टाळता येण्यासारखी राहिलेली नाही. वायरिंग जुनं, खुर्च्यांचे स्पंज बाहेर आलेले, छतातून पावसाळ्यात धार. कामं व्हायलाच हवीत. प्रश्न आहे तो कुठून सुरुवात करायची याचा.

असं एक अंदाजपत्रक मध्यंतरी माझ्या हाती आलं होतं. पुशबॅक खुर्च्या, केंद्रीय वातानुकूलन, फॉल्स सीलिंग, दर्शनी भागाला चकचकीत पत्रे, पाहुण्यांसाठी सोफ्यासह स्वतंत्र कक्ष. रंगमंचाच्या वाट्याला एक ओळ आली होती, ‘पडदे बदलणे’. आणि अगदी शेवटी, मुख्य प्रवेशद्वाराशी ‘रॅम्प – १ नग’. तो नग कशासाठी असतो ते कॉलेजात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या निकषांत दिव्यांगांसाठीच्या सोयींची विचारणा असते. रॅम्पचा फोटो निघतो, अहवालात लागतो, आणि रॅम्प चढून आत गेलेल्या माणसाने पुढे कुठे जायचं हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं की विद्यापीठाच्या नाट्यगृहाचं नूतनीकरण विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, सुरू व्हावं आणि प्रेक्षकांच्या खुर्चीशी संपावं. आज होतं ते नेमकं उलट. महापालिकेच्या नाट्यगृहात प्रेक्षक तिकीट काढून येतो, त्याची सोय आधी बघितली तर समजू शकतं. विद्यापीठाचं नाट्यगृह मुळात वर्ग आहे. तिथे मुलं नाटक शिकतात, पहिल्यांदा प्रकाशात उभी राहतात, पहिल्यांदा दिवे लावतात, पदवी घेतात. वर्गात फळ्यापर्यंत पोचायला पाच पायऱ्या असत्या तर आपण तो वर्ग चालू दिला असता का?

कायद्याची भाषाही इथे पुरेशी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचं ३२ वं कलम सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांना ५ टक्क्यांपेक्षा कमी नाहीत इतक्या जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखायला सांगतं. २९ व्या कलमात तर कलाविषयक अभ्यासक्रमांची रचनाच अशी बदला की या विद्यार्थ्यांना त्यांत भाग घेता येईल, असं म्हटलंय. म्हणजे आपण मुलाला प्रवेश देतो, नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम देतो आणि प्रात्यक्षिकाला पायऱ्यांपाशी थांबवतो. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कायद्याने पाच वर्षांची मुदत घातली होती. नियम आले २०१७ त, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच उलटली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात या कायद्याच्या नियमांतला १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. तो नियम सुगमतेची मानकं केवळ सल्ल्यासारखी ठेवत होता. सक्तीचे निकष वेगळे काढून तीन महिन्यांत अधिसूचित करा, असं न्यायालयाने केंद्राला बजावलं. तेव्हा ‘जमलं तर बघू’ ही आपली लाडकी कार्यपद्धती यापुढे चालायची नाही.

आता त्या पाच पायऱ्यांचं गणित. पायरी साधारण सात इंचांची धरली तर रंगमंच झाला पस्तीस इंच उंच. रॅम्पचा मान्य उतार एकास बारा, म्हणजे इंचभर चढायला फूटभर लांबी. पस्तीस इंचांना पस्तीस फूट आणि शिवाय मध्ये टेकायला सपाट जागा. प्रेक्षागृहाच्या आतून एवढा रॅम्प काढायचा म्हटलं की अभियंते हात वर करतात, आणि त्यांचं चूक नसतं. पण रंगमंचाला आणखी एक वाट असते, तिच्याकडे कुणी बघतच नाही. जिथे सेटचा टेम्पो लागतो ती. मागच्या बाजूला जागा असते, टेम्पोतून लेव्हल्स म्हणजे सेटचे चौथरे, फ्लॅट म्हणजे सेटच्या उभ्या भिंती, दरवाज्याच्या चौकटी उतरवताना पोरांचे खांदे निघतात. तिथे नीट उताराचा रुंद रॅम्प केला तर सेटही ढकलत वर जाईल, तबल्याच्या पेट्याही जातील, आणि व्हीलचेअरवरचा नटही स्वतःच्या हाताने चाकं फिरवत विंगेत येईल.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ती वाट कचऱ्याच्या डब्यांमागून जाणारी चोरवाट होता कामा नये, आणि प्रेक्षागृहातून वर जायला एखादी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्टही हवीच. पदवीदानाला सगळ्यांची नावं पुकारली जात असताना एकीने इमारतीला वळसा घालून मागून प्रकट व्हायचं, ही काही समता नव्हे.

"पण येतंय कोण व्हीलचेअरवर?" हा प्रश्न बैठकीत हमखास येतो, आणि विचारणारा माणूस वाईट नसतो. त्याला खरंच कुणी दिसलेलं नसतं. जिथे पोचताच येत नाही तिथे माणूस दिसणार कसा? आपल्याकडे स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन मराठीत नाटकं उभी केली, त्यांचे प्रयोग झाले, लोकांनी ते तिकीट काढून पाहिले. ज्यांना रंगमंच दिसत नाही त्यांनी तो पावलांनी मोजून पाठ केला. कमतरता उमेदवारांची नाही. आणि रॅम्प फक्त चाकांसाठी नसतो. पदवीदानाला गावाकडून आलेली आजी, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले निवृत्त प्राध्यापक, सातवा महिना लागलेली संशोधक विद्यार्थिनी, प्लास्टरमधला पाय घेऊनही ‘मी करणारच’ म्हणणारा नायक, हे सगळे त्यावरूनच येणार.

विंगेच्या पलीकडे आणखी काही जागा आहेत ज्यांवर अंदाजपत्रकात कधी ओळ पडत नाही. मेकअप रूमचा आरसा उभ्या माणसाच्या उंचीला लावलेला. तिथल्या संडासाचं दार इतकं अरुंद की चाक आत जात नाही, आणि कडी वरच्या बाजूला. प्रकाशयोजनेची केबिन बाल्कनीच्या मागे, लोखंडी गोल जिन्याच्या टोकाला. हल्ली एलईडी दिवे आणि डिजिटल कन्सोल आल्यावर दिवे चालवणारा माणूस वरच बसला पाहिजे असं काही राहिलेलं नाही, एका केबलवर कन्सोल प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेत आणता येतो. हजार वॅटच्या हॅलोजनच्या जागी दीड-दोनशे वॅटचा एलईडी आला की जुन्या वायरिंगवरचा भार आणि दिवे टांगायच्या बॅटनखालची भट्टी दोन्ही उतरतात, म्हणजे हा खर्च सुरक्षेच्याही खात्यात जमा होतो.

सुरक्षेचा विषय आलाच आहे तर एका दाराबद्दल सांगतो. गाव आणि कॉलेज सांगत नाही, कारण असं दार तुमच्याही गावात असेल. तालीम संपल्यावर मी सहज डावीकडचा पडदा बाजूला केला. मागे संकटकालीन दार. वर ‘बाहेर’ असं लिहिलेली पेटी, आतला दिवा गेलेला. दारापुढे रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मागच्या वर्षीच्या संमेलनाची कमान, आणि दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे? शिपायाकडे. शिपाई कुठे? तो पाचला जातो. प्रयोग साडेसहाला. मी कारण विचारलं तर कळलं, पोरं तिथून फुकट घुसतात! तिकिटाचे पंचवीस रुपये वाचवायला आपण आठशे माणसं कोंडून ठेवत होतो. यावरचं उत्तर जुनं आणि साधं आहे. आतून आडवी दांडी ढकलली की उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार, ज्याला पॅनिक बार म्हणतात. फुकटेही अडतात आणि माणसंही वाचतात.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची, माणसं गेली बाल्कनीतली, धुराने. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्या होत्या, एका बाजूला खासगी बॉक्स केला होता, आणि त्यापायी उजवीकडचं बाहेर पडण्याचं दार बंद झालं होतं. मला त्या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटतं ते हे, की तेही एका परीने ‘नूतनीकरण’च होतं. कुणीतरी नकाशावर पेन्सिलीने खुर्च्या वाढवल्या, कुणीतरी सही केली.

याउलट १९११ साली एडिंबरातल्या एका थिएटरात जादूचा खेळ चालू असताना रंगमंचावर आग लागली. रंगमंचावरची आग प्रेक्षागृहात येऊ न देणारा सुरक्षा पडदा खाली आला, वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केलं, आणि सुमारे तीन हजार प्रेक्षक अडीच मिनिटांत बाहेर पडले, अशी त्या आगीची गोष्ट सांगतात. ही गोष्ट सुरक्षेवर बोलणारे लोक फार आवडीने सांगतात. पुढचा भाग मात्र ते घाईत उरकतात. मेले ते पडद्याच्या आतले. जादूगार स्वतः आणि त्याचे सहकारी. आपल्या युक्त्या कुणी बघू नयेत म्हणून मागची दारं बंद ठेवली होती. आजही आपली अग्निशमनाची सगळी कल्पना प्रेक्षागृहाभोवती फिरते. लाकूड, कापड, रंग, थर्माकोल, गरम दिवे आणि अंधार हे सगळं एकत्र असतं ते मात्र पडद्यामागे, आणि विद्यापीठात तिथे अठरा-वीस वर्षांची मुलं असतात.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांनी बांधलेली १९१५ ची वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आत प्रयोग नव्हता म्हणून आपण फक्त वास्तूसाठी रडलो. त्या आगीनंतर ‘नाट्यगृहांचं फायर ऑडिट करा’ असा गजर सगळीकडे झाला. खरं तर वेगळ्या गजराची गरज नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे, आणि त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. माझी मागणी एवढीच, की त्या प्रमाणपत्राची प्रत प्रवेशद्वारी लावा. हॉटेलात परवाना भिंतीवर लावतात तशी. नाटकवाली पोरं चौकस असतात, तारीख उलटली की पहिला मेसेज त्यांचाच फिरेल.

पोरांची बाजू घेतोय म्हणून त्यांना मोकळं सोडत नाही. एकांकिकेच्या अंतिम फेरीला प्रेक्षागृहाची काय अवस्था असते ते आपल्याला माहीत आहे. खुर्च्या भरल्या की मुलं मधल्या वाटेच्या पायऱ्यांवर बसतात, भिंतीला टेकून उभी राहतात, घोषणांनी छत हलवतात. मीही कॉलेजात असताना असाच पायरीवर बसून नाटकं पाहिली आहेत आणि ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर नाटकं आहेत. तरीही ती वाट मोकळीच असायला हवी. गर्दी एवढी होते तर बाहेर पडदा लावून थेट दाखवा, नाहीतर दोन प्रयोग ठेवा. राष्ट्रीय इमारत संहितेत सभागृहाला किमान दोन बाहेर जाण्याच्या वाटा, पाचशेवर माणसं असतील तर तीन, हजारावर असतील तर चार, असा हिशोब आहे तो मोकळ्या वाटा धरून. वाटेवरच शंभर पोरं बसली की तो हिशोब कागदावर राहतो.

राहता राहिली ती खुर्ची. आराम नकोच असं कोण म्हणेल? तीन अंकी नाटक लाकडी फळीवर बसून बघताना तिसऱ्या अंकात नायिकेपेक्षा स्वतःच्या पाठीचंच दुःख मोठं वाटायला लागतं. पण खुर्ची बदलताना फसगत होते. रांगांच्या काँक्रीटच्या टप्प्यांचं माप जुन्या सडपातळ खुर्च्यांचं असतं. त्यावर नवी गुबगुबीत खुर्ची आली की गुडघे पुढच्या पाठीला टेकतात, मधून सरकायला वाट उरत नाही, आणि उंच पाठीमुळे मागच्याला समोरच्याचं डोकंच दिसतं. स्वस्त फोम पेटला तर त्याचा धूर ज्वाळेआधी जीव घेतो, म्हणून निविदेत फोमचा आणि कापडाचा अग्निरोधक दर्जा लिहून घ्यायला हवा, नुसता रंग नव्हे. भिंतींना आणि जमिनीला सगळीकडे गालिचे मारले की आवाजही मरतो. बोलक्या नाटकाला प्रेक्षागृहात आवाज सुमारे एक सेकंदभर रेंगाळावा लागतो. तो पार शोषला गेला की नट ओरडायला लागतात, मग माइक येतात, मग माइकमुळे सगळ्यांचे उच्चार एकसारखे सपाट. वातानुकूलनाच्या घरघरीत तर कुजबुजीचा प्रवेश करूच नये.

खुर्च्या नीट बसवल्या तर त्या कमी बसतात. आठशेच्या सातशे वीस होतात. व्हीलचेअरसाठी जागा सोडल्या तर आणखी काही कमी. त्या जागाही एका कोपऱ्यात गोळा करू नयेत. काही पुढे, काही मध्यावर, आणि प्रत्येकीशेजारी सोबतच्या माणसाची साधी खुर्ची, म्हणजे मित्रमैत्रिणी एकत्र बसून नाटक बघतील. ‘आसनक्षमता घटली’ हे वाक्य व्यवस्थापन परिषदेत फार बोचतं. बोचू द्यावं. वर्षातल्या किती संध्याकाळी ते आठशे भरतं, हे एकदा नोंदवहीत बघावं, आणि जे आठ दिवस भरतं त्या दिवशी आत किती माणसं होती तेही बघावं.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी श्रवणयंत्राला थेट आवाज पोचवणारी वायरची लूप जमिनीखाली टाकता येते, फरशी उखडलेलीच आहे तेव्हा टाकली तर खर्च किरकोळ. नंतर टाकायची तर पुन्हा फोडाफोड. बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल मी काही लिहीत नाही. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत त्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा, ती माझ्यापेक्षा चांगला लेख लिहील.

आणि उद्घाटनाआधी एक तालीम करावी. फीत कापण्याची नव्हे. प्रेक्षागृह मुलांनी पूर्ण भरावं, रंगमंचावर नाटक चालू असावं, विंगेत सेट असावा, दोघे-तिघे व्हीलचेअरवर, दोघांच्या डोळ्यांना पट्टी. मग कुणाला न सांगता मुख्य वीज घालवावी आणि घड्याळ लावावं. शिपाई घरी गेलेला असावा, हे विशेष. जो आकडा येईल तो पाहुण्यांच्या कक्षाचा सोफा घेण्याआधी परिषदेपुढे ठेवावा.

तो लेखनाचं बक्षीस घेतलेला मुलगा आता एम.ए. करतो आणि यंदा स्वतः दिग्दर्शन करतोय. विद्यापीठाचं नाट्यगृह तालमींसाठी मोफत मिळतं. तरी तो तालमी विभागाच्या पार्किंगमध्ये घेतो. मी विचारलं तर म्हणाला, "सर, फरशी सपाट आहे. आणि दिवा एकच आहे, पण त्याचा स्विच माझ्या हाताला येतो."